पाणथरी काढण्याआधी निदान पक्कं करा

पत्र : आमची मुलगी साडेपाच वर्षांची आहे. जन्मल्यावर दुसऱ्याच दिवशी कावीळ इतकी वाढली की रक्त बदलावं लागलं. तेव्हापासून हिमोग्लोबिन ६.८ ते ७.५ च्या मध्ये असतं, रेटिक काउंट (कोवळ्या लाल पेशींचं प्रमाण) ११ टक्के, कावीळ कायम थोडी दिसते. आजवर ९ वेळा रक्त चढवलं. थॅलेसेमिया-सिकलसाठीची एचपीएलसी नॉर्मल, कूम्ब्स (शरीर स्वतःच्याच लाल पेशींवर हल्ला करतं का, याची तपासणी) निगेटिव्ह, जी-६-पीडी नॉर्मल, पीके एन्झाइमही नॉर्मल. या सगळ्या तपासण्या शेवटचं रक्त चढवल्यावर पाच आठवड्यांनी केल्या होत्या. मग एक्झोम तपासणी केली. त्यात दोन गोष्टी आल्या : पीकेएलआर जनुकात एक बदल 'होमोझायगस' आणि एएनके१ जनुकात एक बदल 'हेटरोझायगस'. दोन्हींपुढे 'अर्थ अनिश्चित' असं लिहिलंय. सर्जन म्हणतात, एएनके१ म्हणजे स्फेरोसायटोसिस, उन्हाळ्याच्या सुट्टीत पाणथरी काढून टाकू, मुलगी बरी होईल. माझे यजमान माझे सख्खे आतेभाऊ आहेत. आम्हा दोघांना काहीच त्रास नाही. आम्हाला दुसरं मूल हवं आहे. काय करावं? – एक आई, अमरावती जिल्हा

प्रिय ताई,

ऑपरेशनची तारीख आत्ता घेऊ नका. पाणथरी म्हणजे प्लीहा काढण्याची कदाचित पुढे गरज पडेलही. पण तुमच्या हातातल्या कागदांवरून तिला स्फेरोसायटोसिस, म्हणजे लाल पेशी गोल होऊन लवकर फुटण्याचा आनुवंशिक आजार, आहे असं म्हणता येत नाही, आणि निदान कोणतं यावर ऑपरेशनचा फायदा किती, धोका किती हे ठरतं. काढलेली पाणथरी परत बसवता येत नाही. दोन-तीन महिने थांबून कारण पक्कं केलं तर मुलीचं नुकसान होणार नाही. तोवर गरजेप्रमाणे रक्त आणि रोजची फॉलिक ॲसिडची गोळी चालू ठेवायची.

आधी 'नॉर्मल' आलेल्या तपासण्यांबद्दल बोलू, कारण खरी गोची तिथे आहे. तुमच्या मुलीच्या लाल पेशी लवकर फुटतात. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, तिची त्याच्या कितीतरी आधी संपते. बाटलीतून आलेल्या दात्याच्या पेशी मात्र निरोगी असतात, त्या टिकून राहतात. त्यामुळे रक्त चढवल्यावर पाच आठवड्यांनी तिच्या दंडातून जे रक्त काढलं, त्यात दात्याच्या पेशींचा वाटा मोठा होता. प्रयोगशाळेने काम चोख केलं असेल, पण तिने मोजलं ते बऱ्याच अंशी दात्याचं एन्झाइम. हीच गोष्ट एचपीएलसीला लागू आहे आणि जी-६-पीडीलाही. लाल पेशींच्या आत काय आहे हे पाहणाऱ्या कोणत्याही तपासणीसाठी रक्त चढवल्यापासून किमान तीन महिने जायला हवेत.

पीके म्हणजे पायरुव्हेट कायनेज. त्याच्या तपासणीला आणखी दोन खोड्या आहेत. हे एन्झाइम कोवळ्या पेशींत, म्हणजे रेटिकमध्ये, जास्त असतं आणि पेशी म्हातारी होते तसं कमी होत जातं. तुमच्या मुलीचे रेटिक ११ टक्के आहेत, मोठ्या माणसात ते साधारण एक-दोन टक्के असतात. इतक्या कोवळ्या पेशी असताना पीके खरं तर वरच्या पट्टीत यायला हवं. ते नुसतं 'नॉर्मल' आलं तर ती कमतरतेचीच खूण असू शकते. म्हणून त्याच नमुन्यात हेक्सोकायनेज हे लाल पेशीतलं दुसरं एन्झाइम मोजून घ्यायचं. तेही कोवळ्या पेशींत वाढतं. हेक्सोकायनेज दुप्पट-तिप्पट आणि पीके जेमतेम नॉर्मल असेल, तर पीके कमी आहे असं वाचायचं. दुसरी खोडी पांढऱ्या पेशींची. त्यांच्यात पायरुव्हेट कायनेजचाच दुसरा प्रकार असतो, तो दुसऱ्या जनुकातून येतो आणि या आजारात कमी होत नाही. नमुन्यातून पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट नीट गाळून काढल्या नाहीत तर आकडा फुगतो. हे काम करणाऱ्या प्रयोगशाळा मोजक्या आहेत. महाराष्ट्रात परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातली आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था लाल पेशींच्या एन्झाइमवर अनेक वर्षं काम करते. जाण्याआधी फोन करून नमुना कोणत्या वारी घेतात, कोणत्या ट्यूबमध्ये आणि किती तासांत पोचायला हवा, हे विचारून घ्या. नमुना थंड ठेवायचा पण गोठू द्यायचा नाही. बर्फाला थेट टेकला तर पेशी वाटेतच फुटतात आणि तपासणी वाया जाते.

आता एक्झोमचा, म्हणजे जनुकांतले प्रथिन बनवणारे भाग वाचणाऱ्या तपासणीचा रिपोर्ट. रक्त चढवल्यामुळे तोही चुकला असेल का, असं तुमच्या मनात येईल. तशी शक्यता फार कमी. लाल पेशीला केंद्रक नसतं, त्यामुळे तिच्यात जनुकं नसतात. डीएनए काढला जातो तो पांढऱ्या पेशींतून, आणि बाटलीतून आलेल्या थोड्याफार पांढऱ्या पेशी सहसा काही दिवसांत नाहीशा होतात. (अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्या मुलांची गोष्ट वेगळी, त्यांच्या रक्तातला डीएनए दात्याचाच असतो.) तेव्हा सापडलेले दोन्ही बदल तिचेच आहेत असं धरायला हरकत नाही. त्यातला कोणता आजार करतोय, हा प्रश्न उरतो.

जनुकातल्या बदलांचे पाच वर्ग करतात : रोगकारक, बहुधा रोगकारक, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. मधला वर्ग म्हणजे 'थोडासा रोग' नव्हे. त्या बदलाबद्दल दोन्ही बाजूंनी पुरेसा पुरावा जमलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. तो पुरावा जमवायचं काम बरंचसं तुमच्या घरातल्या तिघांच्या रक्तातूनच होऊ शकतं. अनिश्चित बदलावर ऑपरेशन ठरवू नये आणि गर्भाची तपासणीही करू नये.

एएनके१ पासून सुरुवात करू. हे जनुक ॲन्किरिन नावाचं प्रथिन बनवतं. लाल पेशीचं आवरण आतल्या जाळीला बांधून ठेवणारं ते प्रथिन. ते कमी पडलं की पेशी गोल गरगरीत होते आणि पाणथरीत अडकून फुटते. त्यासाठी जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली पुरते, आणि मुलीतला बदल हेटरोझायगस, म्हणजे एकाच प्रतीवर आहे. म्हणून एका बदलावरून सर्जनना स्फेरोसायटोसिस वाटलं, हे समजण्यासारखं आहे. पण या जनुकात आजार करणारे बहुतेक बदल प्रथिन अर्धवट तोडणारे असतात. एखादं अक्षर बदलून प्रथिनातला एकच दुवा बदलणारे, 'मिसेन्स' म्हणतात ते बदल निरोगी माणसांतही भरपूर सापडतात. तुमच्या रिपोर्टमध्ये एएनके१ पुढे 'मिसेन्स' लिहिलंय का ते पाहा. शिवाय स्फेरोसायटोसिसमध्ये साध्या सीबीसीत एमसीएचसी (लाल पेशीत हिमोग्लोबिन किती दाट आहे याचा आकडा) बहुतेकदा ३६ च्या आसपास किंवा वर जातं. मुलीच्या जुन्या सगळ्या सीबीसी एका फाइलमध्ये लावा आणि हा आकडा प्रत्येक कागदावर पाहा. तो रक्त चढवण्याच्या आधीच्या कागदांवरही सतत ३३-३४ असेल तर स्फेरोसायटोसिसवरचा भरवसा कमी होतो.

याची नेमकी तपासणी ईएमए बाइंडिंग. ईएमए हा चमकणारा रंग लाल पेशीच्या आवरणावरच्या एका प्रथिनाला चिकटतो, स्फेरोसायटोसिसमध्ये चमक कमी दिसते. नमुना जांभळ्या टोपीच्या ट्यूबमध्ये घ्यायचा आणि २४ तासांत, फार तर ४८ तासांत मशीनवर जायला हवा. सोबत निरोगी माणसांचे नमुनेही त्याच दिवशी चालवावे लागतात, नाहीतर आकड्याला अर्थ राहत नाही. पातळ मिठाच्या पाण्यात पेशी किती लवकर फुटतात हे पाहणारी जुनी ऑस्मॉटिक फ्रॅजिलिटी तपासणी कुणी सुचवली तर ती टाकाऊ नाही, पण पेशी गोल कशामुळे झाल्या हे ती सांगत नाही.

पीकेएलआरचं चित्र वेगळं. हे जनुक लाल पेशीतलं पायरुव्हेट कायनेज बनवतं. साखरेतून ऊर्जा काढण्याच्या साखळीतली ही शेवटची पायरी, आणि लाल पेशीला ऊर्जेचा दुसरा मार्ग नाही. ती पायरी अडली की पेशी सुकून मरते. या आजाराला दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात. तुमच्या मुलीत बदल होमोझायगस आहे, म्हणजे दोन्ही प्रतींवर तोच. तुमचे वडील आणि तुमच्या यजमानांची आई सख्खी भावंडं. त्यांच्या आईवडिलांपैकी, म्हणजे तुम्हा दोघांच्या सामाईक आजी-आजोबांपैकी एकाकडे एका प्रतीवर हा बदल असेल, तर तो एकीकडून तुमच्यात आणि दुसरीकडून यजमानांत आला असेल. दोघांतही एकेक चांगली प्रत आहे म्हणून दोघं ठणठणीत आहात.

एवढ्यावरून 'सापडलं' म्हणून मोकळं होऊ नका. आते-मामे भावंडांच्या मुलाच्या जनुकसंचाचा सरासरी सोळावा हिस्सा दोन्ही बाजूंनी एकसारखा असतो. त्या हिश्श्यात कितीतरी निरुपद्रवी बदलही होमोझायगस दिसतात. जन्मतः आलेली जोरदार कावीळ स्फेरोसायटोसिसमध्येही येते. तरी आमचं झुकतं माप पीकेकडे आहे. तुमच्या पत्रात नसलेली एक गोष्ट आठवून पाहा : हिमोग्लोबिन सात असूनही ती इतर मुलांसारखी खेळते का? पीकेच्या कमतरतेत लाल पेशीत २,३-डीपीजी नावाचं द्रव्य साठतं आणि त्यामुळे हिमोग्लोबिन ऊतींना प्राणवायू सहज सोडतं. म्हणून ही मुलं आकड्याच्या मानाने बरी हिंडतात-फिरतात. त्यांना रक्त कधी चढवायचं हे नुसत्या आकड्यावर न ठरवता दम, झोप, खाणं आणि वजन-उंची पाहून ठरवावं लागतं, तेही याचमुळे.

आता करायचं काय. मुलीला रक्त सरासरी सात-आठ महिन्यांनी लागलेलं दिसतं, म्हणजे तीन महिन्यांचं अंतर मिळायला अडचण नसावी. शेवटच्या बाटलीपासून तीन महिने मोजा, आणि रक्त द्यायची वेळ त्याआधीच आली तर बाटली लावण्यापूर्वी नमुने काढून घ्या. तेव्हा दात्याच्या पेशी सर्वांत कमी असतात. त्या एकाच दिवशी सीबीसी, रेटिक, ताज्या रक्ताची स्मिअर (काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा थेंब), ईएमए, पीके, हेक्सोकायनेज आणि शक्य असेल तर ग्लुकोज फॉस्फेट आयसोमरेज हेही. हे शेवटचं एन्झाइम कमी असण्याचे रुग्ण भारतात सापडतात आणि लक्षणं पीकेसारखीच असतात. स्मिअर अनुभवी रक्तविकारतज्ज्ञाने स्वतः पाहावी. स्फेरोसायटोसिसमध्ये गोल, मधला फिकट भाग नसलेल्या पेशी ठळक दिसतात, पीकेमध्ये स्मिअर बऱ्याचदा साधी दिसते.

त्याच दिवशी तुमचं आणि यजमानांचं रक्तही द्या. तुमच्या रक्तात दात्याच्या पेशींची भेसळ नाही, म्हणून तुम्ही दोघं इथे मुलीपेक्षा स्वच्छ साक्षीदार आहात. तुमची सीबीसी, रेटिक, बिलिरुबिन, एचपीएलसी आणि पीके करा. वाहक, म्हणजे एकाच प्रतीवर बदल असलेल्या, आईवडिलांत पीके बहुतेकदा निम्म्याच्या आसपास येतं. क्वचित नॉर्मलच्या खालच्या टोकाला लागून असतं, तेवढ्याने वाहक नाही असं ठरत नाही. एचपीएलसी तुमची करायची ती थॅलेसेमिया आणि सिकलचा प्रश्न कायमचा मिटवण्यासाठी. विदर्भात सिकलचं प्रमाण पाहता हे सोडू नये.

डीएनएसाठी जांभळ्या टोपीच्या ट्यूबमध्ये प्रत्येकी तीन-चार मिली रक्त पुरतं. हिरव्या टोपीची हेपरिनची ट्यूब नको, हेपरिन पुढच्या प्रक्रियेत अडथळा आणतं. आईवडिलांचं पूर्ण एक्झोम पुन्हा करायची गरज नाही. हे दोनच बदल सँगर पद्धतीने (जनुकाचा नेमका तेवढाच तुकडा वाचून) तुम्हा दोघांत आहेत का, एवढं पाहायला सांगा. हे बऱ्याच कमी खर्चात होतं, आणि कित्येक प्रयोगशाळा रुग्णाच्या आईवडिलांसाठी सवलत देतात किंवा फुकट करतात. विचारा.

उत्तरं आल्यावर वाचायची कशी ते सांगतो. एएनके१ चा बदल तुमच्यापैकी एकात सापडला, आणि त्या व्यक्तीचे रेटिक, बिलिरुबिन, स्मिअर आणि ईएमए सगळं नॉर्मल असेल, तर तो बदल बाजूला ठेवता येतो. मात्र 'काही त्रास नाही' एवढ्यावर सोडू नका. सौम्य स्फेरोसायटोसिस असलेली माणसं चाळिशीत पित्ताशयात खडे निघेपर्यंत अनभिज्ञ असतात, म्हणून त्या व्यक्तीची ईएमए आणि पोटाची सोनोग्राफी करायचीच. बदल दोघांतही नसेल, मुलीत नव्याने उपजला असेल, तर उलट त्याचं वजन वाढतं आणि ईएमएवर सगळं ठरतं.

पीकेएलआरचा बदल तुम्हा दोघांतही एकेका प्रतीवर सापडायला हवा. एकातच सापडला तर थांबा. मुलीत जे 'होमोझायगस' दिसलं, ते कदाचित एका प्रतीवर हा बदल आणि दुसऱ्या प्रतीवरचा जनुकाचा तुकडाच गायब, असंही असू शकतं. यंत्राला एकच प्रत वाचायला मिळाली की ते दोन्ही सारख्या आहेत असं समजतं. अशा वेळी तुकडे गळाले आहेत का हे पाहणारी एमएलपीए किंवा तत्सम तपासणी लागते.

दोघंही वाहक, मुलीचं पीके हेक्सोकायनेजच्या तुलनेत स्पष्ट कमी, ईएमए नॉर्मल, अशी तिन्ही उत्तरं जुळली तर एक्झोम केलेल्या प्रयोगशाळेला ती लेखी पाठवा आणि बदलाचा वर्ग पुन्हा ठरवून सुधारित रिपोर्ट मागा. हा कागद फार मोलाचा आहे, पुढच्या गरोदरपणात त्याच्याशिवाय काम अडेल. त्याच वेळी कच्चा डेटाही पेनड्राइव्हवर किंवा लिंकने मागून घ्या, एफएएसटीक्यू किंवा बॅम आणि व्हीसीएफ अशा फायली असतात. तो तुमचा आहे. काहीच जुळलं नाही तर वर्ष-दोन वर्षांनी तोच डेटा नव्याने वाचता येतो. एक्झोममध्ये जनुकाच्या मधल्या, प्रथिन न बनवणाऱ्या भागातले खोलवरचे बदल आणि काही वेळा मोठे तुकडे सुटतात, हे लक्षात असू द्या. जुळलं नाही तर तज्ज्ञांशी पायझो१ जनुकाबद्दलही बोला. त्यातल्या बदलांनी होणाऱ्या स्टोमॅटोसायटोसिस या लाल पेशींच्या आजारात पाणथरी काढली की शिरांमध्ये रक्ताच्या गाठी होण्याचा मोठा धोका असतो, तिथे हे ऑपरेशन टाळतातच.

स्फेरोसायटोसिस ठरलं तर पाणथरी काढल्यावर हिमोग्लोबिन बहुतेकदा जवळपास नॉर्मलला येतं, सर्जनचं म्हणणं त्या आजारापुरतं खरं आहे. पीके ठरलं तर फायदा अर्धामुर्धा. हिमोग्लोबिन साधारण १ ते ३ ग्रॅमने वाढतं, रक्त चढवणं कमी होतं, पण पेशी फुटणं चालूच राहतं. रेटिक तर ऑपरेशननंतर आणखी वाढतात, त्याने घाबरून जाऊ नये. रक्ताच्या गाठींचा धोका पीकेतही थोडा वाढतो. वर्षातून एक-दोनदाच रक्त लागणाऱ्या, वाढ चांगली असलेल्या मुलीत घाई करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. ऑपरेशन ठरलंच तर न्यूमोकोकल, मेनिंगोकोकल आणि हिब या लसी किमान दोन आठवडे आधी पूर्ण हव्यात, नंतर पेनिसिलिन रोज, आणि ताप आला की त्याच तासाला दवाखाना. घरापासून रुग्णालय किती लांब आहे हे ठरवताना जरूर धरा.

पीकेमध्ये आणखी एका गोष्टीवर लक्ष ठेवावं लागतं, ते म्हणजे लोह. रक्त फार न चढवताही या मुलांच्या शरीरात लोह साठतं, कारण आतडं ते जास्त शोषतं. मुलगी फिकट दिसते म्हणून कुणी लोहाचं टॉनिक सुरू केलं असेल तर आजच बंद करून डॉक्टरांशी बोला. लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन दर सहा महिन्यांनी पाहा. ते कमी दिसलं तरी यकृतात लोह असू शकतं, म्हणून ती शांत पडून राहण्याइतकी मोठी झाली की यकृतातलं लोह मोजणारा एमआरआय टी२-स्टार करून घ्यावा. पित्ताशयाची सोनोग्राफी वर्षातून एकदा. मिटापिव्हॅट नावाचं औषध फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेत पीकेच्या प्रौढ रुग्णांसाठी मंजूर झालं. ते मुळात तयार झालेल्या एन्झाइमला चिकटून त्याचं काम वाढवतं, त्यामुळे रुग्णाच्या प्रती थोडंतरी एन्झाइम बनवतात की नाही यावर उपयोग अवलंबून असतो. मुलीचा नेमका बदल माहीत असणं तिच्या मोठेपणी असंही कामाला येईल.

दुसऱ्या मुलाबद्दल. पीके पक्कं ठरलं तर दर खेपेला चारात एक शक्यता मूल आजारी असण्याची, दोन वाहक असण्याची, एक दोन्हींतून मोकळं असण्याची. पहिलं मूल आजारी झालं म्हणून पुढची तीन सुटतात, असा हिशेब चालत नाही. गर्भाची तपासणी करायची असेल तर ११ ते १३ आठवड्यांत वारेचा बारीक नमुना किंवा १६ आठवड्यांनंतर गर्भजल घेतात. त्यात आईच्या पेशी मिसळल्या नाहीत ना, हे तपासलं का, असं विचारा, नाहीतर उत्तर तुमचं येतं आणि बाळाचं म्हणून लिहिलं जातं. केंद्र गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणाऱ्या १९९४ च्या कायद्याखाली नोंदलेलं हवं, तिथे संमतीचा फॉर्म भरावा लागतो आणि लिंग सांगितलं जात नाही. हे सगळं दिवस राहण्याआधी ठरवायला हवं. सुधारित रिपोर्ट हातात नसताना अकराव्या आठवड्यात धावाधाव केली तर वेळ पुरत नाही.

गर्भाची तपासणी नको वाटली तर तोही तुमचा अधिकार आहे. मग प्रसूती रक्तपेढी आणि नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या ठिकाणीच करा, नाळेच्या रक्तातून हिमोग्लोबिन, बिलिरुबिन आणि पीकेएलआरची तपासणी पाठवा, आणि बिलिरुबिन पहिल्या दिवशी काही तासांनी पुन्हा पुन्हा मोजायला सांगा. मोठ्या मुलीच्या वेळी जे दुसऱ्या दिवशी लक्षात आलं ते या वेळी सहाव्या तासाला लक्षात येईल. नवजात बाळात नुसत्या पीके एन्झाइमवर विसंबू नका, कोवळ्या पेशी भरपूर असल्याने आकडा फसवतो.

हे नात्यातल्या लग्नामुळे झालं, असं घरात कुणी सुनावत असेल तर ते मनाला लावून घेऊ नका. असा बदल कुणाच्याही घराण्यात पिढ्यानपिढ्या गुपचूप असतो, नात्यात लग्न झालं की तो समोरासमोर यायची शक्यता वाढते, इतकंच. मात्र दोघं वाहक निघालात तर तुमच्या आणि यजमानांच्या भावंडांना, विशेषतः ज्यांची लग्नं नात्यात ठरत आहेत त्यांना, ही एक तपासणी करून घ्यायला सांगा.

सर्जनकडे पुढच्या वेळी जाताना हे सगळे कागद तारखेनुसार लावून न्या, आणि प्रत्येक रिपोर्टवर पेनाने लिहा : शेवटचं रक्त किती दिवसांपूर्वी चढवलं होतं.